मुंबईचा कायदा आणि बंगळूरचे शब्दकोडे

२०२५ च्या दिवाळीत माझ्या मावसबहिणीच्या मुलाचा न्यू जर्सीहून दूरध्वनी आला. शुभेच्छांची देवाणघेवाण झाली, फराळाची चौकशी झाली, आणि मग तो बराच वेळ काही बोलेना. अखेर म्हणाला, "मामा, आईला सांगू नकोस." दीड वर्षात साठवलेल्या पैशांपैकी जवळजवळ निम्मे त्याने आंतरजालावरील एका खेळात घालवले होते. मी रागावलो नाही. रागावण्याचे त्याचे वय राहिलेले नाही. परंतु त्याने स्वतःच्या बचावादाखल जे एक वाक्य उच्चारले, ते मात्र माझ्या मनात घर करून राहिले. तो म्हणाला, "पण तो जुगार नव्हता, मामा. तिथं स्पष्ट लिहिलं होतं की खरेदी करण्याची गरज नाही."

त्या वाक्यामागे अमेरिकेतील शंभराहून अधिक वर्षांचा कायद्याचा इतिहास आहे. आणि गंमत अशी की तसाच इतिहास आपल्याकडेही घडून गेला आहे. तो घडला मुंबई आणि म्हैसूर या दोन राज्यांच्या दरम्यान, एका शब्दकोड्याच्या निमित्ताने. प्रशासनात तीस वर्षे काढलेल्या माणसाला त्या इतिहासात आजच्या कित्येक प्रश्नांची पूर्वपीठिका दिसते, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम अमेरिकेचे प्रकरण समजून घेऊ. तेथे जुगाराचे नियमन हा प्रामुख्याने घटकराज्यांचा अधिकार. सोडतीची, म्हणजे लॉटरीची, व्याख्या तेथील न्यायालयांनी तीन घटकांवर उभी केली आहे: बक्षीस, दैव आणि मोबदला. या तिहींपैकी एक जरी काढून घेतला तरी ती लॉटरी उरत नाही. शीतपेयांच्या आणि मासिकांच्या कंपन्यांनी याच फटीतून 'स्वीपस्टेक्स' नावाच्या प्रचारस्पर्धा चालविल्या. बक्षीस आहे, दैव आहे, परंतु 'खरेदीची गरज नाही'. नुसते पत्र पाठवूनही भाग घेता येतो. मोबदला नाही, सबब जुगार नाही. साबणाची वडी किंवा मासिकाची वर्गणी खपविण्यासाठी हे चालले तोवर कोणाचे फारसे बिघडले नाही.

पुढे आंतरजालावरील कॅसिनोंनी हाच सांगाडा उचलला. खेळाडूला दोन प्रकारची नाणी देण्यात येऊ लागली. एक 'सोन्याचे' नाणे, ज्याची किंमत शून्य, पण जे विकत घ्यावे लागते; आणि दुसरे 'स्वीप्स' नाणे, जे विकत मिळत नाही, पण पहिल्याच्या खरेदीबरोबर 'भेट' म्हणून मिळते, आणि जिंकल्यास ज्याचे रोख डॉलर होतात. कागदोपत्री पाहिले तर कोणी काहीच पणाला लावलेले नाही. प्रत्यक्षात माझ्या भाच्याची निम्मी शिल्लक गेलेली आहे.

२०२५ मध्ये घटकराज्ये जागी झाली. मे महिन्यात माँटाना राज्याने कायदा केला, जूनमध्ये कनेटिकटने, ऑगस्टमध्ये न्यू जर्सीने, ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाने आणि डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कने. लुइझियानात मात्र विधिमंडळाने संमत केलेले विधेयक राज्यपालांनी जूनमध्ये परत केले. अस्तित्वात असलेले कायदेच पुरेसे आहेत, अशी त्यांची भूमिका होती. या लुइझियानाचा उल्लेख मी मुद्दाम करतो. १८६८ साली याच राज्याने एका खासगी लॉटरी कंपनीला सनद दिली होती. त्या कंपनीची बहुतांश तिकिटे लुइझियानाबाहेर, टपालाने, अन्य राज्यांतील रहिवाशांना विकली जात. त्या राज्यांनी आपापल्या हद्दीत लॉटरीला कितीही बंदी घातली तरी टपालाच्या थैलीतून येणारे तिकीट त्यांना अडविता येईना. अखेर १८९० मध्ये अमेरिकन काँग्रेसने टपालाची दारे बंद केली, तेव्हा कंपनीने देशाबाहेर होंडुरासमध्ये बिऱ्हाड हलविले. १८९५ मध्ये आंतरराज्य वाहतुकीवरही बंदी आली, आणि १९०३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरली. महसूल एका राज्याला आणि उद्ध्वस्त संसार दुसऱ्या राज्यांत, हे अर्थशास्त्राच्या परिभाषेत बाह्यपरिणामाचे जितके स्वच्छ उदाहरण आहे तितके पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही.

आता आपल्या घराकडे वळू.

स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्या देशात बक्षिसी शब्दकोड्यांची लाट आली होती. माझे आजोबा मुंबईत फोर्टमधील एका कचेरीत कारकून होते. इंग्रजी शब्दकोश उशाशी घेऊन ते रविवारची दुपार कोडी सोडविण्यात घालवीत. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत प्रवेशपत्रिकांच्या प्रतींची एक चवड निघाली. प्रत्येक प्रतीवर त्यांच्या वळणदार अक्षरात तारीख, पाठविलेल्या नोंदींची संख्या आणि भरलेले शुल्क. बक्षिसाचा रकाना मात्र सर्वत्र कोरा. आजीच्या पाटल्या त्याच काळात गहाण पडल्या होत्या आणि पुन्हा घरी आल्या नाहीत. आजी त्याबद्दल कधी तक्रार करीत नसे, एवढेच म्हणे की, "त्यांना इंग्रजी फार चांगलं येत होतं हो." इंग्रजी चांगले येणे आणि कोडे जिंकणे यांचा काडीमात्र संबंध नव्हता, हे तिला कोणी सांगितले नाही, आणि आजोबांना ते कधी पटले नाही.

या कोड्यांची रचना कशी असे, ते मराठीतील एका कल्पित उदाहरणाने सांगतो. सूचक शब्द असा: 'हा मिळाला की माणूस बदलतो.' दोन चौकटी, पहिल्या चौकटीत 'मा' छापलेला. दुसऱ्या चौकटीत 'न' घालावा की 'ल'? मान मिळाला तरी माणूस बदलतो आणि माल मिळाला तरी बदलतो. व्याकरणाने दोन्ही बरोबर, अर्थाने दोन्ही बरोबर. परंतु 'योग्य' उत्तर एकच, आणि ते संपादकाने आधीच लिफाफ्यात मोहोरबंद करून ठेवलेले. अशी दहा दुहेरी सूचके असली की उत्तरांचे १,०२४ संच तयार होतात. एका नोंदीला चार आणे शुल्क धरले, तर सर्व संच पाठविण्यास २५६ रुपये लागतील. कारकुनाने काय करावे? त्याने आपल्या विद्वत्तेवर विश्वास ठेवून दहा-वीस नोंदी पाठवाव्यात, आणि हुकल्यावर 'थोडक्यात हुकलो' असे समजून पुढच्या आठवड्याची वाट पाहावी. भाषेच्या ज्ञानाचा आव आणणारी ती नाणेफेकच होती. इंग्लंडमध्ये 'गाळलेला शब्द ओळखा' या स्पर्धांना तेथील न्यायालयाने १८९३ मध्येच लॉटरी ठरविले होते.

मुंबई सरकारने १९४८ साली लॉटरी व बक्षीस स्पर्धा यांचे नियंत्रण करणारा आणि त्यांवर कर लावणारा कायदा केला. परवाना घ्या, हिशेब ठेवा, कर भरा. परंतु कायद्याच्या व्याख्येत एक अपवाद ठेवलेला होता: प्रांताबाहेर छापल्या व प्रसिद्ध होणाऱ्या वृत्तपत्रातील स्पर्धा या व्याख्येत येत नसत. मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचा त्यात दोष काढता येणार नाही. आपल्या हद्दीबाहेरील छापखान्यावर आपला अंमल कसा चालणार, असा सरळ विचार त्याने केला असावा. पण कुंपण एका बाजूनेच घातले तर गुरे दुसऱ्या बाजूने आत येतात.

बंगळूरहून 'स्पोर्टिंग स्टार' नावाचे साप्ताहिक निघत असे. त्यात आर.एम.डी.सी. शब्दकोडे छापले जाई. त्याचे चालक चमारबागवाला हे होते. म्हैसूर राज्याने १९५१ मध्ये मुंबईच्याच धर्तीवर कायदा केला आणि तेथील रीतसर परवाना या स्पर्धेने घेतलेला होता. साप्ताहिकाचा खप मुंबई राज्यात मोठा होता. प्रवेशपत्रिका आणि शुल्क गोळा करण्याची केंद्रेही मुंबई राज्यात होती. म्हणजे स्पर्धक मुंबईचे, पैसा मुंबईचा आणि परवाना म्हैसूरचा. १९५२ च्या नोव्हेंबरात मुंबईने दुरुस्ती करून तो अपवाद काढून टाकला आणि बाहेर छापल्या जाणाऱ्या स्पर्धांवरही कर बसविला. चालक उच्च न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे की, हा आमचा व्यापार आहे. व्यवसायस्वातंत्र्याचा मूलभूत हक्क आम्हांस आहे, राज्याराज्यांतील व्यापार मुक्त असावा असे संविधान सांगते, आणि बंगळूरच्या वृत्तपत्रावर मुंबईचे विधिमंडळ कायदा करू शकत नाही. उच्च न्यायालयात ते जिंकले, अपिलातही जिंकले. मग मुंबई राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले.

९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी निकाल दिला. भारतीय प्रशासनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो एकदा तरी वाचावा. ऋग्वेदातील अक्षसूक्तापासून महाभारतापर्यंत आणि मनू-याज्ञवल्क्यांपासून अमेरिकन व ऑस्ट्रेलियन निकालांपर्यंत तो सर्वत्र फिरतो आणि मग तीन गोष्टी सांगतो. पहिली, ज्या कोड्याचे उत्तर आधीच मोहोरबंद आहे आणि अधिक समर्पक शब्द लिहिणाराही जिथे हरू शकतो, तो द्यूताचाच प्रकार होय. दुसरी, द्यूत हे व्यापाराच्या कक्षेबाहेरचे आहे. व्यापाराला मिळणारे संविधानाचे संरक्षण त्याला मिळत नाही. तिसरी गोष्ट मला प्रशासकीयदृष्ट्या सर्वाधिक महत्त्वाची वाटते. छापखाना कुठे आहे हे गौण आहे. निमंत्रण कुठे पोहोचते, पत्रिका कुठे भरल्या जातात आणि पैसा कुठे दिला जातो, हे पाहावे. हे सारे मुंबईत घडत असेल तर मुंबईच्या कायद्याला पुरेसा प्रादेशिक संबंध आहे. आंतरजालाच्या युगातील अधिकारक्षेत्राच्या प्रश्नाचे उत्तर खिळे जुळविणाऱ्या छापखान्यांच्या युगात, एका शब्दकोड्याच्या खटल्यात दिले गेले होते.

न्यायालयात हा वाद चालू असतानाच राज्यांना उमगले होते की एकेकट्याने हे साधणारे नाही. 'पैजा व द्यूत' हा विषय संविधानाच्या राज्यसूचीत ३४ व्या क्रमांकावर आहे. संसद त्यावर आपणहून कायदा करू शकत नाही. परंतु अनुच्छेद २५२ अन्वये दोन वा अधिक राज्यांनी ठराव केल्यास संसदेला त्यांच्यासाठी कायदा करता येतो. मुंबई, मद्रास, आंध्र, ओरिसा, उत्तर प्रदेश, हैदराबाद आदी राज्यांनी तसे ठराव केले, आणि १९५५ चा बक्षीस स्पर्धा कायदा जन्मास आला. १ एप्रिल १९५६ पासून तो अमलात आला. त्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. त्याने सरसकट बंदी घातली नाही. एका महिन्यात एकूण बक्षिसे एक हजार रुपयांहून अधिक नसावीत आणि नोंदी दोन हजारांहून अधिक नसाव्यात, एवढेच म्हटले. त्याखालील स्पर्धांना परवाना घ्यावा.

अ‍ॅडम स्मिथने लिहून ठेवले आहे की माणूस आपल्या नशिबाची किंमत नेहमी वाजवीपेक्षा अधिक लावतो. ग्राहक शक्याशक्यतेचे गणित पाहत नाही, तो बक्षिसाचा आकडा पाहतो. १९५५ च्या कायद्याने नेमका तो आकडाच छाटला. लाखाच्या जागी हजार आले, आणि शब्दकोड्यांचा बाजार बसला. आजोबांच्या ट्रंकेतील शेवटची पत्रिका १९५६ च्या मार्च महिन्यातील आहे. आजीच्या पाटल्या परत आल्या नाहीत, परंतु मंगळसूत्र वाचले. कायद्याने एखादे घर वाचविल्याचा पुरावा सहसा मिळत नाही. मला तो एका कोऱ्या रकान्यात मिळाला.

या कायद्यालाही त्याच चालकांनी आव्हान दिले होते आणि त्याचाही निकाल त्याच दिवशी लागला. न्यायालयाने कायदा वैध ठरविला, पण त्याचा अर्थ मर्यादित केला: ज्या स्पर्धांत यश बऱ्याच प्रमाणात कौशल्यावर अवलंबून असते, त्यांना ही बंधने लागू नाहीत. न्यायदृष्ट्या हे योग्यच होते. परंतु 'कौशल्य' हा एक शब्द त्या दिवशी दारात उभा राहिला आणि पुढील सात दशके त्याच दारातून वर्दळ चालू राहिली. १९६८ मध्ये रमी, १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत कौशल्याची ठरली. मग भ्रमणध्वनीवरील खेळांनी हाच शब्द छातीवर मिरविला. अमेरिकेत 'मोबदला नाही' हे कवच, आपल्याकडे 'कौशल्य आहे' हे कवच. दोन्ही कवचे मुळात खऱ्याखुऱ्या वस्तूंसाठी घडविलेली होती: एक साबणाच्या जाहिरातीसाठी, दुसरे बुद्धीच्या खेळासाठी.

मात्र सारा दोष व्यापाऱ्यांच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे होईल. खासगी कोडी बंद पडून पुरते एक तपही उलटले नव्हते, तोच १९६७ मध्ये केरळ सरकारने स्वतःची लॉटरी सुरू केली. १९६९ मध्ये महाराष्ट्राने. सरकारी लॉटरी हा विषय संघसूचीत असल्याने ती निराळी, असे कायदा म्हणतो. तिकीट घेणाऱ्याच्या खिशाला ही सूची वाचता येत नाही.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर माझी पहिली नेमणूक दिल्लीत झाली. एकअंकी लॉटरीचा तो काळ. शून्य ते नऊ यांतील एक आकडा, दिवसभर सोडती, आणि गल्लोगल्ली निकालाची वाट पाहत उभे असलेले लोक. आमच्या कार्यालयातील एका शिपायाने भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम मागितला. कारण लिहिले होते पत्नीचे आजारपण. कागदपत्रे पूर्ण होती, रक्कम नियमात बसत होती. मी सही केली. सहा महिन्यांनी दुसरा अर्ज आला. तोही नियमात बसत होता. तिसऱ्या वेळी त्याची पत्नीच कार्यालयात आली, धडधाकट, आणि तिने मला हात जोडून विचारले, "साहेब, आपण यांना पैसे का देता?" त्या नस्तीवरील माझी एकही टिप्पणी आज तपासली तरी नियमबाह्य ठरणार नाही. तरीही गेली तीस वर्षे मला तो प्रश्न विसरता आलेला नाही.

१९९८ मध्ये संसदेने लॉटरी नियमन कायदा केला; एकअंकी लॉटरी बंद झाली, एका लॉटरीची आठवड्यातून एकच सोडत असा नियम आला, आणि अन्य राज्याच्या तिकिटांवर बंदी घालण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिकाराला एक नैतिक अट जोडली: दुसऱ्याची लॉटरी बंद करायची असेल तर आधी स्वतःची बंद करा. २००३ मध्ये तामिळनाडूने सर्व लॉटऱ्या बंद केल्या. त्याउलट सिक्कीमने २००८ मध्ये ऑनलाइन खेळांना परवाने देणारा कायदा केला आणि २०१५ मध्ये ते खेळ राज्याच्या हद्दीतील ठरावीक केंद्रांपुरते मर्यादित केले. गोव्याने मांडवीत कॅसिनोंची जहाजे उभी राहू दिली, आणि फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना त्यांत प्रवेश नाकारला. याहून प्रांजळ कबुली कोणती असणार? जे आपल्या मुलांसाठी घातक, ते पाहुण्यांसाठी चालते.

तेलंगणाने २०१७ मध्ये, आंध्रने २०२० मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घातली. तामिळनाडू आणि कर्नाटक यांच्या २०२१ च्या दुरुस्त्या उच्च न्यायालयांनी रद्द ठरविल्या; कारण पुन्हा 'कौशल्य'. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनेच ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य असो वा दैव, पैसे लावून खेळला जाणारा ऑनलाइन खेळ निषिद्ध, असे तो म्हणतो. आणि 'पण' या संज्ञेत पैशात बदलता येणारी नाणी, टोकने व श्रेयांकही समाविष्ट करतो. म्हणजे ज्या दुहेरी नाण्यांनी अमेरिकेतील राज्यांना इतकी वर्षे झुलविले, ती आपल्या व्याख्येत आधीच आली. त्याविरुद्धही याचिका झाल्या. संसदेला हा अधिकार आहे काय, हा १९५५ मधील जुना प्रश्न नव्या वेशात उभा राहिला. फरक इतकाच की त्या वेळी राज्यांनी ठराव करून संसदेला निमंत्रण दिले होते.

या इतिहासातून मी स्वतःपुरता एवढा बोध घेतला आहे. जुगाराचे धंदे कायद्याच्या शब्दांत राहतात, म्हणून प्रशासकाने शब्दापेक्षा पैशाच्या प्रवासाकडे पाहावे: कोणाच्या खिशातून निघाला, कुठे थांबला, कोणत्या तिजोरीत गेला. सरन्यायाधीश दासांनी १९५७ मध्ये हेच केले होते. आणि ज्या तिजोरीत तो जातो ती सरकारची असली, म्हणजे आपले डोळे थोडे अधूच असतात, याचीही आठवण ठेवावी.

भाच्याला मी हे सारे सांगितले नाही. त्याला आजोबांच्या, म्हणजे त्याच्या पणजोबांच्या, ट्रंकेची गोष्ट तेवढी सांगितली. ऐकून तो म्हणाला, "म्हणजे त्यांनाही वाटायचं, की आपण थोडक्यात हुकलो?" मी म्हटले, "दर आठवड्याला." त्यानंतर त्याने आपण होऊन त्याच्या आईला सर्व सांगितले, असे मला तिच्याकडूनच कळले. पैसे परत आले नाहीत. ते येत नसतात. पण रकाना भरणे त्याने थांबविले आहे.